गुडघेबदल शस्त्रक्रिया : ‘केव्हा?’ या प्रश्नाचा इतिहास

१. प्रस्तावना

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, तेव्हा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जेमतेम तीन आठवडे झाले होते. १० ऑक्टोबरला मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ती झाली. त्यांचे वय तेव्हा ७५ होते. उजवा गुडघा जून २००१ मध्ये बदलला आणि जुलैच्या मध्यावर ते आग्रा शिखर परिषदेला बसले. त्या दिवसांत आमच्या भिलाईत कोणी लंगडताना दिसले की विचारणा व्हायचीच, “अटलजींनी केली, तुम्ही केव्हा करणार?”

या टिपणात आपण त्या ‘केव्हा’चाच इतिहास पाहणार आहोत. मुद्दा एकच आहे : हे उत्तर जितके रुग्णाच्या वयाने ठरले, तितकेच धातू आणि प्लास्टिकच्या झिजेनेही ठरले. साहित्य बदलले, पण जुने उत्तर लोकांच्या तोंडी राहिले.

२. बिजागरीचा काळ

१८९० मध्ये बर्लिनचे थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. जंतुसंसर्गामुळे ते प्रयोग फसले. १९५० च्या दशकात वॉल्डियस आणि शायर्स यांच्या बिजागऱ्या आल्या. अडचण यांत्रिक होती. दाराची बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. गुडघा वाकताना मात्र मांडीचे हाड नडगीच्या हाडावर गडगडते, घसरते आणि थोडे पिळतेही. बिजागरी हा पीळ अडवते, मग तो सगळा भार रोपण आणि हाड यांच्या जोडावर येतो आणि रोपण सैल होते. अशा काळात ‘केव्हा’चे उत्तर सोपे होते : दुसरा काहीही इलाज उरला नाही तेव्हा.

३. १९७४ चे वळण

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून खुब्यासाठी धातूवर पॉलिएथिलिन आणि पकडीसाठी ॲक्रिलिक सिमेंट वापरले. त्यांच्याच रुग्णालयात फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये बिजागरीविना गुडघा तयार केला. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’मध्ये ‘टोटल कॉन्डायलर’ गुडघा आला. तो करणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि चित्तरंजन राणावत हे शल्यविशारद होते, तर पीटर वॉकर हे अभियंते. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या याच राणावत यांनी पुढे वाजपेयींवरील शस्त्रक्रियेचे नेतृत्व केले.

येथे एक गैरसमज दूर करू. या शस्त्रक्रियेत अख्खा गुडघा काढत नाहीत. हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर कोबाल्ट-क्रोमियमसारख्या धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिएथिलिनचा थर देतात.

४. ‘जितके उशिरा तितके बरे’

हा थर झिजतो. झिजेच्या कणांमुळे भोवतालचे हाड विरघळते आणि रोपण सैल होते. त्यात पूर्वी पॉलिएथिलिन हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. त्यामुळे त्याचे ऑक्सिडेशन होऊन ते ठिसूळ होई. म्हणून शल्यविशारद साधा हिशेब करत : रोपणाचे आयुष्य रुग्णाच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त हवे. सुरुवातीला ६० ते ७५ वयोगटालाच ही शस्त्रक्रिया सुचवली जाई ती यामुळे. त्या काळच्या साहित्यासाठी हा नियम योग्यच होता.

१९९० च्या दशकात निर्जंतुकीकरणाची पद्धत सुधारली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार सुमारे ८२ टक्के रोपणे २५ वर्षे टिकतात. डिसेंबर २००३ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने निकष मांडले होते : क्ष-किरणात दिसणारी झीज, इतर उपचारांनी न हटणारे दुखणे आणि जगणे अडवणारी हालचालींची मर्यादा.

५. घाई आणि उशीर

याचा अर्थ घाई करावी असा नाही. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मधील अभ्यासात, सत्तरीनंतर शस्त्रक्रिया केलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची आयुष्यभराची शक्यता सुमारे ५ टक्के होती, पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. डेन्मार्कमधील २०१५ च्या चाचणीत १०० रुग्ण होते. शस्त्रक्रियेविना व्यायाम, आहार आणि औषधे घेतलेल्या गटातही वर्षभरात ६८ टक्क्यांना लक्षणीय आराम पडला; शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण ८५ टक्के होते, पण गंभीर गुंतागुंतीही अधिक होत्या.

उशिराचीही किंमत असते. शस्त्रक्रियेआधी ज्यांची हालचाल फार खालावलेली असते, ते नंतरही इतरांच्या मागेच राहतात, असे अभ्यास सांगतात. माझ्या आईने ‘अजून चालतंय की’ म्हणत सहा वर्षे काढली. शेवटची दोन वर्षे ती क्वार्टरचा जिना उतरलीच नाही. शस्त्रक्रियेनंतर दुखणे गेले, पण मांडीच्या स्नायूंत पूर्वीची ताकद आली नाही. तिला थांबवणाऱ्यांत मीही होतो. ‘प्लास्टिक झिजतं’ एवढे मला ठाऊक होते, पण वापराविना स्नायूही झिजतात हे मी हिशेबात धरले नव्हते.

पैशाचाही प्रश्न होता. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली. त्याआधी ती सरासरी १,५८,३२४ रुपये होती. रुग्णालयाचा खर्च यात धरलेला नाही.

६. सारांश

नुसते वय किंवा नुसता क्ष-किरण फोटो पाहून वेळ ठरवू नये. दुखण्याने झोप मोडते का, जिना, बाजार, स्वतःची कामे सुटली का, व्यायाम आणि वजन कमी करणे मनापासून करून पाहिले का, हे आधी विचारावे. नंतर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे बहुधा जमणार नाही, हेही रुग्णाला आधीच सांगावे.

विचारार्थ प्रश्न

१. बिजागरी रोपणे सैल का होत, ते बलांची आकृती काढून स्पष्ट करा.
२. साहित्य सुधारल्यावरही जुना सल्ला समाजात का टिकतो? आपल्या शाखेतील एक उदाहरण द्या.
३. घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला विचारा : गुडघ्यामुळे कोणते काम सोडले आणि केव्हापासून?