आगाखान पदाचा वारसा
निजारी इस्माइली पंथाच्या इमामांकडे वंशपरंपरेने चालत आलेले पद. इराणचा बादशाह फतह अली शाह याने हसन अली शाह यांना ‘आगाखान’ हा किताब दिला. पुढे ते हिंदुस्थानात आले. 1881 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र दुसरे आगाखान 1885 मध्ये पुण्यात वारले, तेव्हा गादी आली ती सुलतान मुहम्मद शाह या सात वर्षांच्या मुलाकडे. येरवड्याचा आगाखान पॅलेस 1892 मध्ये बांधणारे तिसरे आगाखान ते हेच.

हा वारसा जमिनीला बांधलेला नाही आणि थोरल्या मुलाचा हक्कही ठरलेला नाही. उत्तराधिकारी इमाम स्वतः नेमतो. याचा सर्वांत ठळक दाखला 1957 चा. तिसऱ्या आगाखानांनी मृत्युपत्रात दोन्ही मुलांना वगळून विशीतल्या करीम या नातवाला नेमले. अणुयुगात वाढलेला तरुणच इमाम हवा, हे त्यांचे कारण दूरदृष्टीचे होते. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या असलेला येरवड्याचा हा पॅलेस करीम यांनीच 1969 मध्ये राष्ट्राला दिला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांच्यानंतर पुत्र रहीम पाचवे आगाखान झाले.