मोलगीपर्यंत पोहोचणारा आवाज

अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीसारख्या सातपुड्यातील गावापर्यंत ख्रिस्ती दूरचित्रवाणीने काय न्यावे, हे ठरवायचे तर पडद्याच्याही आधी, १८४२ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता. तरी त्यात बातम्या, विज्ञान आणि समाजसुधारणेवरचा मजकूरही येई. प्रसारासाठी काढलेल्या पत्राला लोकशिक्षणाचे श्रेय कशाला, असा आक्षेप घेतला जातो. हेतू झाकू नयेच. पण त्या पानांतून कुणाला ग्रहणाचे कारण कळले असेल, तर ते ज्ञान हेतूमुळे खोटे ठरत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: छापील मराठी डोंगरात कोणासाठी? ब्रिटिशकालीन भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाने भिल्ली बोलींची वेगळी नोंद १९०७ मध्येच केली होती. या भागात अनेक घरांत भिल्ली किंवा पावरी चालते. मराठी भेटते ती शाळेत. परकेपणाचा हा प्रश्न जुनाच: १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक यांनी ख्रिस्तकथा कीर्तनात आणली, कारण परक्या चालीतला उपदेश मराठी मनाला भिडत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. पुढे १९७० पासून सेशेल्स बेटांवरून फेबा हा ख्रिस्ती रेडिओ लघुलहरींवर भारतीय भाषांत बोलू लागला. समुद्राचे अंतर तुटले. घरच्या बोलीचे अंतर केवळ यंत्राने तुटत नाही. टिळकांनी मराठीसाठी केले ते पावरीसाठी करायचे, तर होळीचा ढोल जाणणारी माणसेच निवेदक आणि लेखक म्हणून हवीत. मुंबईतला कार्यक्रम भाषांतरून भागणार नाही.