रेडिओ किती वीज खातो? शंभर वर्षांचा हिशेब



विजेचं बिल जास्त आलं की घरात चौकशी सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा स्वयंपाकघरापासूनच सुरू होते. दिवसभर रेडिओ कोण लावून ठेवतं, असं विचारलं जातं. बाई मुकाट्याने उठते आणि बटण बंद करते. भाकऱ्या थापताना, धान्य निवडताना, गोधडीला टाके घालताना सोबतीला असलेला आवाज त्या दिवसापासून घरातून जातो. रेडिओवाल्याच रेडिओची बाजू घेणार, असं कुणी म्हणेल, आणि त्यात थोडं तथ्य आहे. पण हा आरोप आला कुठून, ते आम्ही शोधत गेलो, तेव्हा कळलं की एके काळी तो खराच होता. मग तो खोटा कधी ठरला आणि तरीही बाईच्या मागून का गेला नाही, ते आज सांगायचं आहे.

घरात गाणारं पहिलं यंत्र आलं ते विजेशिवाय. ग्रामोफोनची किल्ली फिरवून आतली स्प्रिंग आवळायची, मग तबकडी फिरायची आणि सुईची थरथर कर्ण्यातून मोठी होऊन बाहेर यायची. खर्च हाताच्या जोराचा आणि सुयांचा. त्या पोलादी सुया लवकर झिजत, म्हणून सारख्या बदलाव्या लागत. अर्थात तबकड्या आणि यंत्र परवडणारी घरं मोजकीच. ज्यांना परवडत नसे ते दुसऱ्याच्या ओसरीवर बसून ऐकत.

रेडिओ आल्यावर खर्चाचं स्वरूप बदललं. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ती कंपनी १९३० साली बुडाली, पुढे सरकारने काम हाती घेतलं आणि १९३६ पासून ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. रेडिओ ऐकायचा तर वर्षाला १० रुपयांचं लायसन्स काढावं लागे. १९३३ च्या कायद्याने विनापरवाना संच घरात ठेवणं हा गुन्हा झाला. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि लायसन्स जपून ठेवायचं. हा नेम १९८० च्या दशकात बंद झाला. तुमच्या सासूबाईंच्या पेटीत कदाचित ते लायसन्सचं पुस्तक अजून सापडेल.

आणि हा जुना रेडिओ वीज खात असे, यात शंका नाही. त्याच्या लाकडी पेटीत काचेच्या नळ्या असत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. प्रत्येक नळीत बल्बसारखी बारीक तार. ती तापून लाल झाल्याशिवाय नळीचं काम सुरूच होत नसे. म्हणून बटण दाबलं की लगेच आवाज यायचा नाही, अर्धा मिनिट थांबावं लागे. पेटीच्या मागच्या बाजूला हात धरला तर ऊब लागे. असा संच साधारण ४० ते ५० वॉट घेई, म्हणजे एका पिवळ्या बल्बएवढे. रोज चार तास लावला तर महिन्याला सहा युनिटपर्यंत वीज. आज सहा युनिट काहीच वाटत नाहीत, पण ज्या घरात दोनच दिवे होते आणि तेही रात्री दोन-तीन तास जळत, तिथे रेडिओ दोन्ही दिव्यांच्या तोडीस तोड खर्च करी. शिवाय आवाज बारीक केला तरी वीज जवळपास तेवढीच लागे, कारण ती गाण्यावर खर्च होत नव्हती, तारा तापवण्यावर होत होती. घरातली जुनी माणसं रेडिओला उधळ्या म्हणत असतील तर त्यांचं चुकत नव्हतं.

पण हे सगळं तार पोचलेल्या घरांचं झालं. आपल्या खेड्यांत तारच नव्हती. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता-मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तो ऐकून झाल्यावर मंडळाने चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. ऐकायचं, बोलायचं आणि करून बघायचं ही पद्धत आपल्या गटांना नवी नाही, तिची एक मुळी तिथे आहे. त्या मंडळांत मात्र बसायचे ते बहुतेक पुरुष. आणि वीज नसलेल्या गावात संच चालायचा बॅटरीवर. व्हॉल्व्हच्या संचाला लागणारी बॅटरी जडही आणि महागही. ती उतरली की पुढची येईपर्यंत रेडिओ मुका.

या मुकेपणातून सुटका केली ती ट्रान्झिस्टरने. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हा नखाएवढा तुकडा तयार झाला आणि १९५४ मध्ये खिशात मावणारा रेडिओ तिथल्या बाजारात आला. पुढच्या दहा-वीस वर्षांत तो आपल्याकडे शेताच्या बांधावर पोचला. नळीचं काम हा तुकडा न तापता करतो, त्यामुळे अर्ध्या वॉटच्या आतच बारीकसा रेडिओ बोलू लागला. पन्नास वॉटवरून अर्ध्या वॉटच्या आत, म्हणजे खर्च शंभरपट खाली! बायकांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की रेडिओ आता उचलून नेता येऊ लागला. माजघरातल्या मानाच्या फळीवरून तो चुलीजवळ आला, गोठ्यात गेला, खुरपायला आलेल्या बायकांबरोबर शेतात गेला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली होतीच. बाईला रेडिओ पहिल्यांदा हाताशी मिळाला, तो असा.

इथे मात्र एक विचित्र हिशेब आहे, आणि आमच्या मते तो या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. १,००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतो, हे तुम्हाला माहीत आहे. विजेरीतल्या मोठ्या सेलमध्ये सुमारे सहा वॉट-तास वीज असते. म्हणजे एक युनिट वीज हवी तर दीडशेहून जास्त सेल लागतील. आज मोठा सेल वीस रुपयांचा धरा. सेलमधली वीज युनिटला तीन हजार रुपयांच्या वर गेली! पेन्सिल सेल तर एका युनिटला हजारभर लागतील. तारेतून तेच युनिट काही रुपयांत येतं. ज्या घरापर्यंत तार आली नव्हती, त्या घराने सगळ्यात महाग वीज विकत घेतली, आणि तीही वर्षानुवर्षं. पण त्याला कुणी विजेचं बिल म्हणत नव्हतं. सेल यायचे आठवडी बाजारातून, चहापत्ती आणि साबणाबरोबर, आणि पुष्कळदा बाईने अंडी विकून बाजूला ठेवलेल्या पैशातून. कागद आला नाही म्हणून हिशेब झाला नाही.

हिशेब झाला नाही तरी झळ लागतच होती, म्हणून बायकांनी काटकसरीच्या युक्त्या काढल्या. उतरलेले सेल उन्हात ठेवायचे. ऊब मिळाली की आतली क्रिया थोडा वेळ जोर धरते, त्यामुळे सेल आणखी एक-दोन दिवस निघतात, हे खरं आहे. (चुलीजवळ मात्र कधीच ठेवू नका, सेल फुटतो.) रेडिओतून उतरलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घालायचा, कारण घड्याळाला अगदी किंचित वीज लागते. मग १९८० च्या सुमारास कॅसेटचे दिवस आले. कोकणातून आखाती देशांत कामाला गेलेल्या माणसांनी टू-इन-वन आणले, आणि तिकडून कॅसेटवर बोलून पाठवलेली पत्रंही आली. टेपमध्ये मोटर असते, ती सेल पटकन संपवते. म्हणून कॅसेट उलट फिरवायची तर दाते अडकवून पेन्सिलीने फिरवायची. ही युक्ती कुठल्या पुस्तकात शिकवली नव्हती.

इकडे तार गावोगाव येत होती. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत खांब वाड्यावस्त्यांकडे निघाले. १९८८-८९ मध्ये आलेल्या कुटीर ज्योती योजनेतून गरीब घरांना एका दिव्याची जोडणी मिळाली. एकच दिवा, त्यात रेडिओचा प्लग कुठला? काहींनी बल्बच्या होल्डरमध्ये लावायचा जोड आणून त्यातून रेडिओ चालवला, पण बऱ्याच घरांत तार येऊनही सेल सुरूच राहिले.

ज्यांच्याकडे प्लग होता त्यांनी एलिमिनेटर घेतला, म्हणजे सेलऐवजी लावायचा तो जड काळा डबा. सेलचा खर्च थांबला, पण एक नवी गोष्ट घरात शिरली. रेडिओचं बटण बंद केलं तरी तो डबा प्लगमध्ये कोमट राहतो. कोमट म्हणजे वीज जळते आहे. दोन-अडीच वॉट धरले तर दिवसरात्र मिळून वर्षाला वीस युनिटच्या आसपास. त्या काळच्या चकतीच्या मीटरला एवढ्या बारीक विजेची चाहूलच लागत नसे, म्हणून ते खपून गेलं. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर बसले आणि न दिसणारी वीज मोजली जाऊ लागली. मीटर जोरात पळतं अशी ओरड गावोगाव झाली. काही ठिकाणी ती बरोबर असेलही, पण काही घरांत मीटर एवढंच सांगत होतं की बंद समजलेली वस्तू बंद नाही.

आज या गोष्टीतला खरा खाणारा पाहुणा म्हणजे रिमोटवर चालणारी यंत्रं. होम थिएटर, मोठा साउंड बॉक्स, सेट टॉप बॉक्स. रिमोटची वाट पाहत बसायला त्यांना वीज लागते. काही नव्या संचांना अर्धा वॉटही पुरतो. युरोपात २०१३ पासून तसा नियमच आहे. पण जुना होम थिएटर किंवा सेट टॉप बॉक्स नुसता लाल दिवा लावून दहा-दहा वॉट घेऊ शकतो. दहा वॉट वर्षभर म्हणजे ८८ युनिट. त्या पेटीवर हजार, दोन हजार वॉटचा आकडा छापलेला असतो, त्याला घाबरू नका आणि भुलूही नका. तो पीएमपीओ नावाचा विक्रीचा आकडा आहे. घरातल्या साध्या आवाजाला खोक्यातून एक वॉटही बाहेर पडत नाही. पण तोच अभंग टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि होम थिएटर असे तिघं मिळून ऐकवत असतील तर शंभर वॉटच्या आसपास जातात, आणि रेडिओवर तीन वॉट.

आता रेडिओचा गुन्हा मोजू. तीन वॉटचा प्लगवरचा रेडिओ रोज चार तास लावला तर एक युनिट व्हायला पावणेतीन महिने लागतात. आंघोळीच्या पाण्यात टाकायची दीड हजार वॉटची हीटर कॉइल दहा मिनिटं चालली की पाव युनिट जातो. तेवढ्यात रेडिओ वीस दिवस ऐकून होतो. फोनवर ऐकत असाल आणि रोज पूर्ण चार्ज करत असाल, तरी वर्षाला आठ-दहा युनिट.

बिलाच्या टप्प्यांबद्दल एक समज सगळीकडे आहे की शंभराच्या वर एक युनिट गेला की सगळं बिल चढ्या दराने होतं. आपल्या राज्यात तसं होत नाही. शंभराच्या वरचे जेवढे युनिट, तेवढ्यांनाच वरचा दर. पण घराचा गरजेचा वापर ९५ युनिट असेल आणि लाल दिव्यांनी त्यात १५ घातले, तर वरचे १० युनिट महाग दराने जातात. तेव्हा घरात पुन्हा चौकशी निघाली, तर स्वयंपाकघराऐवजी बाहेरच्या खोलीतल्या त्या लाल दिव्यांपासून सुरू करायला सांगा.

तोंडी भांडण नको असेल तर मीटरसमोर उभं राहून करता येतं. मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो, आणि किती लुकलुकण्यांना एक युनिट होतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. पुष्कळ ठिकाणी तो ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि फोनचे चार्जरसुद्धा काढा, आणि फक्त होम थिएटर व सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद करून प्लगमध्ये राहू द्या. पंधरा मिनिटं मोजा. ३२०० च्या मीटरवर आठ वेळा दिवा लागला तर दहा वॉट, सोळा वेळा लागला तर वीस. मग भिंतीवरचं बटणही बंद करा आणि एकटा रेडिओ लावून पुन्हा मोजा. साधारण सहा मिनिटांतून एकदा दिवा लुकलुकेल, काही मीटरवर तेवढाही नाही. मोजायला घरातल्या मुलाला बसवा, आकडे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.