तळटीप : पिस्तुलाचे तेलपाणी

* येथे अभिप्रेत आहे ते २५ मीटर स्पर्धेचे .२२ पिस्तूल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, ते याच प्रकारात.

या पिस्तुलाच्या काडतुसातल्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. बार झाला की तो थर, दारूची काजळी आणि शिशाचा कीस मिळून चिकट राप तयार होतो आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली नेमका जाऊन बसतो. मग रिकामी पुंगळी बाहेर फेकली जात नाही. रॅपिड फेरीत लक्ष्य समोर येते अवघे ३ सेकंद. अडकलेली पुंगळी काढायला तेवढ्यात सवड कुठली?

म्हणून आधी मॅगझिन काढून चेंबर रिकामे असल्याची खात्री, मग आकड्याची खाच बारीक ब्रशने कोरून, कोरड्या फडक्याने पुसून, सरकत्या भागांवर तेलाचा थेंब. नवशिके इथे धारच सोडतात! जादा तेलात अर्धवट जळलेली दारू कालवली जाते आणि राप आणखी घट्ट होतो.

मनू भाकरने पॅरिसमध्ये २०२४ साली १० मीटर प्रकारात चालवले ते एअर पिस्तूल. त्यात दारूच नसते, त्यामुळे काजळीही नाही. मात्र त्याच्या दाबाच्या हवेच्या भागांत साधे तेल घालू नये. उत्पादकाने सांगितलेले ग्रीसच वापरावे.