प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची निवासी देखभाल (पुसद व विदर्भ)

बौद्धिक अक्षमता असलेल्या, वयाची 18 वर्षे ओलांडलेल्या व्यक्तींच्या कायम निवासाची व्यवस्था व तिचा दर्जा. 2011 च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या सर्व वयांच्या सुमारे 15 लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यांतले बहुतेक घरीच राहतात आणि त्यांचे सगळे बहुधा आईच करते. निवासी संस्थेचा विचार सुरू होतो तो आई थकल्यावर. ‘आमच्यामागे याचं कोण करणार?’ हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत निघतो. ज्यांना आईवडीलच नाहीत, त्यांच्या वतीने तो विचारायलाही कोणी नसते.

पुसद हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पूस नदीकाठचे तालुक्याचे गाव. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार प्रौढ बौद्धिक दिव्यांगाचा पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीला आहे. म्हणजे पुसदच्या कुटुंबाला त्यासाठी यवतमाळ गाठावे लागते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते. जमिनीचा वाटा असलेल्या दिव्यांग भावाच्या बाबतीत ही तरतूद फार मोलाची आहे, आणि ती गावोगाव माहीत व्हायला हवी.

निवासी देखभालीचे विदर्भातील सर्वांत परिचित उदाहरण पुसदच्याच महसूल विभागातले, अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातले आहे. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने मतिमंद व मूकबधिर मुलांचे बालगृह चालवले. गाडगेबाबांच्या विचारांचे पापळकर पूर्वी ‘देवकीनंदन गोपाला’ हे नियतकालिक काढत. रेल्वे स्थानकांवर, बसस्थानकांवर, उकिरड्यांवर सापडलेली सव्वाशेच्या आसपास दिव्यांग मुले त्यांनी वाढवली आणि त्यांना वडील म्हणून स्वतःचे नाव लावले. मुलांनी उजाड टेकडीवर हजारो झाडे लावून जगवली. 2024 मध्ये पापळकरांना पद्मश्री मिळाली. मात्र त्यांचा खरा आग्रह सन्मानाचा नव्हता. बालन्याय कायद्यात 18 व्या वर्षी बालपण संपते आणि बालगृहाचा आधार सुटतो. बेवारस दिव्यांगाने त्या दिवशी जायचे कुठे, हे ते सरकारला वर्षानुवर्षे विचारत राहिले. अशांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी. ती पूर्णपणे रास्त आहे. वझ्झरचे यश एका माणसाच्या हट्टावर उभे राहिले. प्रत्येक तालुक्याला असा माणूस मिळेल, असे धरून चालता येत नाही.

संस्थेचा दर्जा इमारतीवरून किंवा सणाच्या जेवणावरून ठरत नाही. निजायच्या खोलीत प्रत्येकाचे वेगळे कपाट आहे, की धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून हाती येईल तो सदरा अंगावर चढवला जातो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. फिटच्या गोळ्यांची नोंदवही रोज भरली जाते का, रात्रपाळीला किती जणांमागे एक काळजीवाहक असतो, तो वर्षभर टिकतो का, हेही पाहावे. दाढ दुखते हे सांगता न येणारा माणूस डोके आपटतो, ओरडतो. चांगल्या संस्थेत त्याला दंतवैद्याकडे नेतात, वाईट संस्थेत झोपेची गोळी देतात. पुसद, दिग्रस, उमरखेड भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. बंजारा तांड्यांवरच्या घरांत गोरमाटी बोलतात. ज्याला मोजकेच शब्द येतात आणि तेही गोरमाटीतले, त्याला केवळ मराठी बोलणाऱ्या संस्थेत ठेवले की तो मुकाच ठरतो. त्याची भाषा बोलणारी एक तरी बाई वा गडी तिथे असणे हा दर्जाचाच भाग आहे.

बाहेरची नजर नसली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील स्त्रियांची गर्भाशये मासिक पाळीच्या स्वच्छतेचे कारण देऊन पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. स्त्री संघटनांच्या निषेधानंतर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडासच्या संस्थेतील अत्याचार उघड झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभरातील अशा संस्थांवर देखरेखीसाठी समिती नेमली. 2011 मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीच्या संस्थेतील अत्याचारांचे प्रकरण पुढे आले. श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनमधील विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातील मारहाण बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणामुळे जगासमोर आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संस्थांची नोंदणी सक्तीची केली. त्याच कायद्याच्या कलम 5 नुसार दिव्यांगाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि विशिष्ट ठिकाणीच राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. नोंदणीचा कागद पुरेसा नाही. आगाऊ न कळवता येणारा तपासनीस आणि कधीही आत येऊ शकणारे नातेवाईक, यांचा उपयोग त्याहून जास्त होतो.

पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांचा अनुभव पुष्कळ आशादायक आहे. माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने 1990 मध्ये स्थापन झालेली बदलापूरची ‘आधार’ प्रौढांना आजीवन सांभाळते. मुळशी तालुक्यातील कोळवणच्या साधना व्हिलेजमध्ये 1994 पासून प्रौढ रहिवासी लहान गटाने एका घरात राहतात आणि झेपेल ते काम करतात. या संस्था मुंबई-पुण्याच्या आसपास आहेत. पुसदहून तिथे ठेवलेल्या माणसाला भेटायचे तर रोजंदारीवरच्या कुटुंबाचा अनेक दिवसांचा रोज बुडतो आणि भेटी हळूहळू थांबतात.

म्हणून पुसदसारख्या गावात मोठी निवासी संस्था बांधण्यापेक्षा वस्तीतच चार-सहा जणांचे घर चालवणे अधिक योग्य ठरेल. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या आजीवन निवासासाठीच आखली गेली आणि ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. अशा घराचा मोठा खर्च काळजीवाहकांच्या पगाराचा असतो. शेतमजुरीपेक्षा बरा आणि वेळेवर पगार मिळाला, तर गावातलीच माणसे या कामात टिकतील. तेवढी तजवीज राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने करायला हवी.