तळटीप : ‘दोन सूत वर घे’

७. सूत : सुतारी माप, इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिमी. मुंबईच्या उपनगरांत टेपवर मिलिमीटर असले तरी कारागिरांच्या तोंडी सूतच. इथे लाकडात खाच पाडणारा राऊटर प्लायच्या घरगुती टेबलाखाली उलटा टांगला आहे. बिट टेबलावर जितकी वर, तितकी खाच खोल. राऊटर एम १० आट्यांच्या दांड्यावर चढतो. एका फेऱ्याला १.५ मिमी, म्हणजे ‘दोन सूत’ला सुमारे सव्वाचार फेरे. बिट जास्त वर गेली, तर आधी मापाच्या अर्धा फेरा खाली नेऊन मग मापापर्यंत वर चढवतात. नाहीतर आट्यांतली ढिलाई माप चुकवते. वायर आधी सॉकेटमधून काढायची, हे ‘वर घे’ सांगणाऱ्या उस्तादाने गृहीत धरले आहे.
– संपादक