भट्टीभोवतीचं घर

देवळांवर, मशिदींवर, वाड्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. बेकरीच्या इमारतीच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही. तरी रोज सकाळी चहात बुडणारा पाव कुठल्यातरी छपराखालीच जन्मतो ना?

शहापूर-मुरबाड रस्त्यावर भातसा नदीकाठी आमचं सापगाव. या मुलखाची भाकरी तांदळाची आणि नाचणीची. तिला चूल पुरते, वेगळी इमारत लागत नाही. पावाला लागते. शब्दच मुळी पोर्तुगीज. वसईवर १५३४ ते १७३९ त्यांचा अंमल होता. विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, अशा कथा जुनी माणसं सांगत. त्याच पावावर आज वडा बसला आहे! पुढे मुंबईत गोव्याचे पोदेर आले, इराणी आले, उत्तर प्रदेशातले कारागीर आले. हात बदलले, भट्टीची रचना मात्र फारशी बदलली नाही.

बेकरी म्हणजे आधी भट्टी आणि मग तिच्याभोवती घर. जाड भिंती, विटांची जमीन, तिच्याखाली उष्णता धरून ठेवायला वाळूमिठाचा थर आणि वर बुटका घुमट. कवितेत आम्ही घुमट फार उंच केले. इथे उंच करून चालत नाही. घुमट जितका बुटका, तितकी आच पावाच्या माथ्यावर नीट उतरते. तोंड घुमटाहून बरंच खाली ठेवतात, म्हणजे तापलेली हवा वर कोंडून राहते. आत लाकडं जाळायची, निखारे बाजूला ओढायचे, ओल्या गोणपाटानं जमीन पुसायची आणि लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रे आत सरकवायचे. तो दांडा मागे खेचायला भट्टीसमोर तेवढीच मोकळी जागा हवी. म्हणजे खोलीची लांबी ठरवतो तो दांडा! पीठ ओलीपासून दूर, पीठ फुगायची जागा उबेला आणि कौलांच्या आढ्याशी धग जायला वाट. झाली बेकरी.

या घरात एक जागा मात्र माणसांसाठी नीट विचार करून केलेली नसते. ती म्हणजे पोटमाळा. कारागीर रात्री मळतात, पहाटे भाजतात आणि पुष्कळदा तिथेच निजतात. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली. माळ्यावर झोपलेले सहा कामगार गेले. दार बाहेरून बंद होतं. पोटासाठी परमुलखातून आलेली ही माणसं होती.

आता भट्टीच उठायची वेळ आली आहे. जुन्या फर्निचरचं रंग लावलेलं लाकूड जाळल्यानं धूर विषारी होतो. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पावाची चव जाईल, अशी हळहळ मी ऐकतो. मलाही ती वाटते. पण धूर पहिला जातो तो भट्टीपुढे उभ्या असलेल्याच्या छातीत.

सापगावात उद्या कुणी बेकरी बांधायची म्हटली, तर नदीपासून उंचवट्यावर बांधावी. धरणाचे दरवाजे उघडले की सापगावच्या पुलाचं नाव बातम्यांत येतंच. भट्टीचं तोंड पश्चिमेच्या पावसाळी वाऱ्याला देऊ नये. कारागिरांची खोली भट्टीवर नको, शेजारी हवी. तिला थेट अंगणात उघडणारं स्वतंत्र दार असावं आणि त्या दाराची कडी आतून.